सात वेढे कमी

पडद्यावरची हिरवी रेघ सरळ झाली तेव्हा मला वाटलं, स्कोप गेला.

विजेचे हिसके पडद्यावर दाखवणाऱ्या त्या यंत्राच्या डोक्यावर मी दोन थापडा मारल्या. आमच्याकडे पहिली दुरुस्ती तीच. रेघ जागची हलली नाही. वायरी काढून पुन्हा लावल्या, भिंतीवरचा प्लग हलवून बघितला, शेवटी हेडफोन कानाला लावला. गेले सहा महिने त्या हेडफोनमधून डासासारखी बारीक शीळ माझ्या कानात शिरत होती. जेवताना, बसमध्ये, झोपेतसुद्धा ती ऐकू यायची. त्या सोमवारी सकाळी अकरा वाजता ती नव्हती. कानात काहीच नव्हतं.

दुसरा नग लावला. तोही गप्प. तिसरा, चौथा, पाचवा. पाचही गप्प.

खरं तर मी उडी मारायला हवी होती. पण सहा महिने एकाच दाराला धडका मारून खांदा सुजलेला असला आणि ते दार आपोआप उघडलं, तर आनंद होत नाही, संशय येतो. मी स्टुलावर बसून राहिलो. मला फक्त घरी जाऊन झोपावंसं वाटत होतं.

ही १९७९ सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत रणदिवेसाहेबांचा छोटा कारखाना होता. पत्र्याची शेड, चाळीस माणसं आणि त्यांत डिझाइन इंजिनिअर एकटा मी, पद्माकर उपासनी, वय वर्षं अठ्ठावीस. एका सरकारी खात्याला डोंगरावरच्या टेलिफोन केंद्रांसाठी कन्व्हर्टर हवे होते. बारा व्होल्टच्या बॅटरीतून चोवीस व्होल्ट काढायचे, एवढंच काम. पण ते करताना ट्रान्झिस्टर सेकंदाला दहा हजार वेळा वीज तोडतो आणि जोडतो, आणि त्या तोडजोडीचे हिसके शेवटी बोलणाऱ्याच्या कानात शीळ होऊन उतरतात. हे हिसके पोटात घ्यायला सर्किटमध्ये दोन चोक असतात, एक वीज येते त्या वाटेवर, एक जाते त्या वाटेवर. चोक म्हणजे दुसरं काही नाही, फेराइटच्या काळ्या कोअरवर गुंडाळलेली तांब्याची तार. फेराइट दिसायला लोखंडासारखं, पण फुटायला बशीसारखं.

सर्किट आमचं नव्हतं. साहेबांनी एका परदेशी मासिकातून उतरवून आणलं होतं. ते चालायचं झकास, पण शीळ जात नव्हती. मी कपॅसिटर वाढवले, चोकचे वेढे वाढवले, पत्र्याचे आडोसे लावले. आडात नाही ते पोहऱ्यात आणायचा खटाटोप चालला होता. खात्याचा इन्स्पेक्टर नोव्हेंबरात येणार होता, आणि हे काम गेलं तर साहेब शेड विकणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि आता पाचही नग गप्प होते. मी तर या खेपेला काहीच बदललं नव्हतं.

बदल झालाच असेल तर तो चोकमध्ये. दोन्ही चोक एका पत्र्याच्या डबीत बसवून वरून डांबर ओतलं जाई, बाहेर फक्त चार टोकं. आत काय आहे ते गुंडाळणाऱ्यालाच माहीत. गुंडाळायला चार बायका होत्या, आणि नव्या नमुन्यांचं काम नेहमी शेवंताबाई लोंढेंकडे असे.

शेवंताबाई पस्तिशीच्या असतील. रामटेकडीवर राहायच्या. हाताने फिरवायच्या वाइंडिंग मशीनचा काउंटर कधीच मेला होता, म्हणून त्या चिंचोक्यांवर मोजायच्या. दर दहा वेढ्यांना एक चिंचोका डाव्या वाटीतून उजव्या वाटीत. साठ वेढ्यांचा चोक म्हणजे सहा चिंचोके. त्यांच्या मोजणीत चूक निघालेली मी पाहिली नव्हती. पाच वर्षं झाली तरी त्या टेम्पररीच होत्या. दर सात महिन्यांनी त्यांना 'ब्रेक' मिळायचा, म्हणजे पंधरा दिवस घरी बसायचं आणि मग नव्याने कामाला लागायचं, म्हणजे कायद्याने कायम करावं लागत नाही. पण या दिवाळीला साहेब तिघांना कायम करणार होते आणि यादीत पहिलं नाव शेवंताबाईंचं होतं. ही बातमी त्यांना मीच दिली होती. त्या दिवशी त्यांनी मला डब्यातली शेंगदाण्याची पोळी दिली होती.

मी त्यांच्या टेबलाशी गेलो.

"शेवंताबाई, या पाच डब्यांत तुम्ही काही वेगळं केलंय का?"

त्यांचा हात मशीनवरच थांबला.

"न्हाई साहेब. ड्रॉइंगपरमानंच हाय."

"नक्की?"

"व्हय."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी एक डबी उचलली आणि मागच्या बाजूला डांबर वितळवायच्या शेगडीपाशी गेलो. डबी तापत ठेवली. डांबराचा वास सुटला आणि पाठीमागे बांगड्यांचा आवाज आला.

"साहेब, उघडू नगा."

"का?"

शेवंताबाईंनी पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं.

"कोअरचा खोका माज्या हातनं पडला. पंचमीच्या आदल्या दिवशी. चार फुटलं."

मला हसू यायच्या बेतात होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. कोअर परदेशातून यायचे. लायसन्स, कस्टम, सहा महिन्यांची वाट. खोक्यात दहा होते, पाच नगांचे बरोब्बर दहा. गेल्या वर्षी एका बाईच्या हातून दोन फुटले तेव्हा साहेबांनी तिला त्याच दुपारी गेटबाहेर काढलं होतं.

"म्हणजे सहाच उरले. मग पाच नगांचे दहा चोक कसे केलेत?"

"एका कोअरवर दोन गुंडाळलं. शेजारी शेजारी." आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं. "वाटलं, डांबराखाली कुनाला दिसतंय. नवा खोका आला की बदलून टाकीन. बिघडलं का हो साहेब सगळं?"

मी शेगडी बंद केली. डबी तशीच थंड होऊ दिली. माझ्या डोक्यात आता चक्र फिरायला लागलं होतं. दोन चोक एकाच कोअरवर, म्हणजे एकाचा हिसका दुसऱ्याला जाणवणार. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. दोघांचं बरोबर जमलं तर बाहेर जाणाऱ्या वाटेवर हिसका उरणारच नाही. सहा महिने मी ते दोघं एकमेकांपासून लांब ठेवायला धडपडत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"काही बिघडलं नाही," मी म्हणालो.

"मोठ्या सायबास्नी सांगू नगा. दिवाळीपत्तुर तरी. पाया पडते."

"नाही सांगणार," मी म्हणालो. "कुणालाही नाही."

तो शब्द मी मनापासून दिला होता. एवढं तरी माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

रणदिवेसाहेब दुपारी आले. साठीचे, उंच, किंचित पोक आलेले. त्यांनी पाच नग ओळीने लावायला सांगितले, प्रत्येकाला स्वतः हेडफोन लावून ऐकलं, आणि शेवटचा ऐकून झाल्यावर हेडफोन न काढताच खुर्चीत बसले.

"उपासनी, माझ्या उमेदीत कन्व्हर्टर म्हणजे खोलीभर यंत्र होतं," ते म्हणाले. "मोटरच्या पाठीला जनरेटर. दिवसभर घुंऽ करत फिरायचं, आम्ही तेल घालायचो. मग पारा आला. माणसाएवढा काचेचा फुगा, आत पारा नाचायचा आणि निळा उजेड पडायचा. नवीन माणूस बघतच राहायचा. मग मोटारीतल्या रेडिओत पत्र्याची पट्टी थरथरायची, मग ट्रान्झिस्टर. चाळीस वर्षं मी हेच करतोय. दर वेळी कुणीतरी लांबचा शोध लावतो आणि आपण त्याच्या डब्याला रंग लावून विकतो. एकात तरी आपल्या माणसाचं नाव असावं, असं मला फार वाटतं रे."

त्यांनी हेडफोन काढला.

"काय केलंस तू?"

"दोन्ही चोक एकाच कोअरवर घेतले, साहेब."

त्यांनी पेन्सिल घेऊन पाकिटाच्या पाठीवर चार रेघा काढल्या, त्यांच्याकडे बघितलं आणि मान हलवली. त्यांना कळलं होतं.

"कल्पना कुणाची?"

आता हा प्रश्न ज्याने विचारला तो खुशीत होता. त्या घटकेला मी खरं सांगितलं असतं, तर साहेबांनी चार कोअर माफ करून शेवंताबाईंना पेढा दिला असता. हे मला आज दिसतं. कदाचित तेव्हाही दिसलं होतं. पण मी शब्द दिला होता, आणि शब्द पाळणं मला इतकं सोपं पुन्हा कधी गेलं नाही.

"माझी," मी म्हणालो.

साहेबांनी उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. सुजलेला खांदा तोच असावा, कारण मला एकदम रडू आलं. ते थकव्याने आलं, असं मी ठरवून टाकलं.

पेटंट घ्यायचं ठरलं. साहेबांनी ते पाच नग इन्स्पेक्टरसाठी कपाटात घातले आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. मुंबईच्या पेटंट वकिलाला अर्जासोबत ड्रॉइंग आणि दोन ताजे नमुने पाठवायचे होते. नवा खोका सप्टेंबरात आला. मी झोकात ड्रॉइंग काढलं. एक कोअर, दोन वाइंडिंग, साठ आणि साठ वेढे. खाली कोपऱ्यात 'शोधक' असं लिहून माझं नाव.

शेवंताबाईंनी ड्रॉइंगप्रमाणे गुंडाळलं. मी नग जोडला, हेडफोन लावला, आणि डास परत आला.

पूर्वीपेक्षा बारीक, पण होताच. मी तार बदलली, कोअरच्या दोन तुकड्यांमधल्या फटीतला कागद बदलला. आठ दिवस पानंच्या पानं गणितं केली. उपयोग शून्य. माझा शोध मलाच लागत नव्हता. आणि कपाटातली डबी फोडून बघायची म्हणजे साहेबांना सांगायचं की मी काय केलंय ते मला माहीत नाही.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत शेवंताबाईंपाशी गेलो. त्या एकट्याच टेबलाशी भाकरी खात होत्या.

"शेवंताबाई, त्या पाच डब्यांत दोन्हीकडे साठ-साठच होते ना?"

त्यांनी घास खाली ठेवला.

"एका बाजूला साठ. दुसरीला साठ मावंनात. जाड तार, दाटीवाटी व्हायला लागली. मग जेवढं मावलं तेवढं घातलं."

"जेवढं म्हणजे किती?"

"पाच चिंचोकं आन् वर तीन. त्रेपन्न. पाचीला सारखंच, सात कमी. कमी-जास्त केलं असतं तर एकेक डबी एकेक तऱ्हा बोलली असती."

"कमी कुठल्या बाजूला? आत येणाऱ्या की बाहेर जाणाऱ्या?"

"येनाऱ्या."

मी तिथेच खिशातल्या पावतीवर आकडा मांडला. बरोबर तेवढेच कमी हवे होते. दोन चोक एका कोअरवर असले तरी एकाची थोडी ओढ वाटेत सांडते, आणि जेवढी सांडते तेवढे वेढे कमी केले की हिशेब शून्यावर येतो. मी आठ दिवस डोकं फोडत होतो ते या बाईने जागा पुरत नाही म्हणून करून ठेवलं होतं. बोलाफुलाला गाठ, म्हणाल तर म्हणा. पण पाची डब्यांत सात म्हणजे सातच कमी ठेवले ते गाठ म्हणून नव्हे.

मी लिहीत असताना त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"साहेब, मोठं सायब परवा कुनालातरी सांगत व्हते, ह्या डब्यांवर सरकारी शिक्का बसनार, शोध लागला म्हनून. त्येच का हे? माजंच?"

"तेच."

"म्हंजी ती चूक न्हवती?"

"नव्हती."

त्यांनी हातावर हात चोळले. चेहरा एकदम दहा वर्षांनी लहान झाला.

"मग सांगा की आता मोठ्या सायबास्नी. आता काय भ्या न्हाई. शेवंतानं केलंय म्हना."

मी पावतीची घडी घातली. तिची आणखी एक घडी घातली.

"सांगतो," मी म्हणालो. "अर्ज एकदा जाऊ दे. मध्येच नाव बदललं तर वकील घोळ घालतात. दिवाळीच्या आत सांगतो."

"चालतंय की," शेवंताबाई म्हणाल्या आणि उरलेली अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. मी खाल्लीसुद्धा.

ड्रॉइंगमध्ये साठाच्या शेजारी त्रेपन्न लिहिलं. डास गेला. नमुने मुंबईला गेले. खाली नाव माझंच होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे यंत्रांची पूजा असे. सकाळपासून शेड धुऊन निघायची, टेबलं हलायची, वर्षभराचा केर बाहेर पडायचा. त्या केरातच घात झाला. आमचे स्टोअरकीपर नगरकर डांबराचं पिंप सरकवत होते. पिंपामागून जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेलं गाठोडं निघालं. आत कोअरचे तुकडे होते. गेटवर बायकांच्या पिशव्या तपासत, त्यामुळे तुकडे बाहेर नेता येत नसत.

नगरकरांनी गाठोडं तसंच साहेबांपुढे नेलं. झेंडूच्या माळा अर्ध्या लावून झाल्या होत्या. साहेबांनी सगळ्यांना एका ओळीत उभं केलं.

"हे कुणाचं?"

आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीतच नव्हतं. शेवंताबाई गप्प राहिल्या असत्या तर सणाच्या दिवशी साहेबांनी चार शिव्या घालून विषय सोडला असता.

पण त्यांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच, नीट. आणि ओळीतून पुढे आल्या.

"माजं हाय साहेब. माज्या हातनं फुटलं. पंचमीच्या आदल्या दिवशी."

त्यांच्या आवाजात भीती नव्हती. त्या हिमतीने पुढे आल्या त्या माझ्या भरवशावर. त्यांना वाटलं, ही वेळ आलीच आहे, आता उपासनीसाहेब सगळं सांगतील.

"फुटले ते फुटले," साहेब म्हणाले. "पण लपवलेस? दोन महिने? नशीब म्हण की त्याच वेळी या उपासनीने एका कोअरमध्ये भागवायची युक्ती काढली. नाहीतर तू माझं इन्स्पेक्शन बुडवलं असतंस, शेड बंद पडली असती, या चाळीस जणांच्या चुली विझल्या असत्या. कळतंय का?"

"साहेब, ते एका कोअरचं..." शेवंताबाई म्हणाल्या आणि थांबल्या. "त्ये उपासनीसाहेबांना इचारा."

साहेब माझ्याकडे वळले.

"उपासनी, कोअर फुटलेत हे तुला माहीत होतं?"

उदबत्ती लावलेली होती. तिचा धूर सरळ वर जात होता, हे मला स्पष्ट आठवतं. मला असंही आठवतं की मी फार दमलो होतो, आणि खरं सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सगळं सांगावं लागणार होतं. शेगडी, शब्द, पाकिटाच्या पाठीवरच्या रेघा, 'माझी' हा एक शब्द, पावतीवरचं त्रेपन्न. साहेबांच्या चेहऱ्यावर गेला महिनाभर जे समाधान होतं ते पुसावं लागणार होतं. ही सगळी कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी मी फक्त भित्रा होतो.

"नाही," मी म्हणालो.

इंजिनिअरच्या शब्दापुढे वाइंडिंगवाल्या टेम्पररी बाईचा शब्द किती टिकणार, हे शेवंताबाईंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्या परत ओळीत जाऊन उभ्या राहिल्या. पूजा झाली. नगरकरांनी सगळ्यांना पेढे वाटले, त्यांनाही दिला.

साहेबांनी त्यांना त्या दिवशी काढलं नाही. नुसतं यादीतलं नाव खोडलं. पंधरा दिवसांनी त्यांचा ब्रेक सुरू झाला आणि पुन्हा बोलावणं गेलंच नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी दोन्ही वाट्या धुऊन टेबलावर पालथ्या घातल्या. मी टेस्टिंगच्या खोलीत होतो. बाहेर आलो नाही.

इन्स्पेक्शन पास झालं. काम मिळालं. शेड वाचली. मला बढती मिळाली.

पुढच्या जुलैत मुंबईहून वकिलाचं जाडजूड पाकीट आलं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पत्र त्यांनी वाचून संपवलं होतं आणि चष्मा टेबलावर काढून ठेवला होता.

"वाच," ते म्हणाले.

पत्रात चारच ओळी होत्या. सदर कल्पना नवीन नाही. परदेशातल्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी ती आमच्या अर्जाच्या दीड वर्ष आधी छापली आहे. लेखाची प्रत सोबत जोडली आहे. अर्ज मागे घ्यावा.

लेख सोबत होता. एक कोअर, दोन वाइंडिंग, एका बाजूला वेढे किंचित कमी. ज्यांचं सर्किट आम्ही मासिकातून उतरवलं होतं, तीच मंडळी.

"तेल गेलं, तूप गेलं," साहेब म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. ते नुसते म्हातारे दिसत होते. "जाऊ दे. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझं डोकं तुला स्वतःहून तिथपर्यंत घेऊन गेलं, हे काय कमी आहे?"

मी मान खाली घालून लेख चाळत होतो, कारण वर बघवत नव्हतं. शेवटच्या पानावर, संदर्भांच्या वर, बारीक अक्षरात आभार होते. आधी पैसे देणाऱ्या संस्थेचे, मग प्रमुखांचे. तिसरी ओळ मी दोनदा वाचली. प्रयोगशाळेत वाइंडिंग करणाऱ्या एका बाईचे आभार होते. तिचं नाव आणि आडनाव होतं. दोन्ही वाइंडिंग एका कोअरवर घेण्याचं तिनेच पहिल्यांदा सुचवलं, असं लिहिलं होतं.

मी साहेबांकडे लेखाची प्रत मागितली. ते म्हणाले, ठेव, मला काय करायची आहे.

त्याच शनिवारी दुपारी मी रामटेकडीवर गेलो. शेवंताबाई घरी नव्हत्या. शेजारणीने सांगितलं, खाली रस्त्यावर पंख्याच्या दुकानात असतात. पत्र्याची टपरी होती, बाहेर जळक्या पंख्यांचा ढीग. त्या पाटावर बसून पंख्याच्या मोटरमध्ये तार भरत होत्या. शेजारी दोन वाट्या होत्या.

"या साहेब," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही. "बसायला काय न्हाई हितं."

मी उभाच राहिलो. पाठ केलेली माफी होती, ती बाजूला राहिली. पेटंट मिळालं नाही, असं सांगितलं. लांबच्या देशात हेच आधी कुणीतरी केलं होतं, असं सांगितलं. मग तो कागद काढला, शेवटच्या पानावरची ओळ आधी इंग्रजीत वाचली आणि नंतर मराठीत सांगितली.

शेवंताबाईंचा हात थांबला. चिंचोका त्यांच्या चिमटीतच राहिला.

"बाईच व्हती?"

"हो. तुमच्यासारखीच. वाइंडिंग करणारी."

"आन् तिचं नाव छापलंय? त्यात?"

मी कागद पुढे केला आणि नावावर बोट ठेवलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी त्या बराच वेळ माझ्या बोटाखालच्या जागेकडे बघत राहिल्या. मग विचारलं,

"ती बाई अजून कामावर हाय का हो?"

"असेल," मी म्हणालो. "माहीत नाही. असेल बहुतेक."

"असंलच की," शेवंताबाई म्हणाल्या. "तिच्या सायबानं सांगितलं न्हवं."

त्यांनी हातातल्या चिंचोक्याकडे बघितलं. मोजणी चुकली होती. उजव्या वाटीतले सगळे चिंचोके त्यांनी डाव्या वाटीत ओतले, तार उलगडली आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.